पाणी

(कॅन्ससमधलं गव्हाच्या कोठारांचं एक छोटं गाव. संध्याकाळ. घरात डेलची विधवा चिझुए आणि त्याची थोरली बहीण व्हर्ना.)

चिझुए : बूच काढलंत? वन्सं, टबाचं बूच काढलंत तुम्ही?

व्हर्ना : काढलं. काठोकाठ पाणी, वर फळ्या झाकलेल्या! मला वाटलं, तुझं वापरून झालेलं. सोडून द्यायचं नाही तर काय लोणचं घालायचं त्याचं?

चिझुए : गेलं सगळं?

व्हर्ना : अर्धं असेल अजून. अगं, धावतेस काय! पडशील!

चिझुए : लावलं बूच. नळाचं गरम पाणी संपलंय. ते मोठं पातेलं शेगडीवर चढवा. आता काम सुटल्याचा भोंगा होईल कोठारावरचा.

व्हर्ना : भोंग्याचा आणि तुझ्या अंघोळीचा काय संबंध?

चिझुए : माझी नाही. आधी घरधनी, मग पोरं असली तर पोरं, शेवटी बायको. एकाच पाण्यात. आमच्याकडे असंच.

व्हर्ना : माहितेय. तू जपानहून आलीस तेव्हा अख्ख्या चर्चला दुसरा विषय नव्हता. पण घरधनी कुठला आता? डेलला जाऊन वर्ष होत आलं गं. म्हणून तर तुला न्यायला आलेय. उद्या घर बघायला गिऱ्हाईक येतंय.

चिझुए : मी गेले तर पाणी कोण तापवेल त्याला?

व्हर्ना : ऐका! एकटी राहून डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या.

चिझुए : कोठीत उतरला, पायाखालचा गहू सरकला आणि आत गाडला गेला. बाहेर काढला तेव्हा कानात, नाकात, पापण्यांत गहू. मी म्हटलं, मला एकदा अंघोळ घालू द्या माझ्या माणसाला. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात.

व्हर्ना : तुझ्यासाठीच! बघवण्यासारखं नव्हतं ते. आणि अंत्यविधीवाली माणसं करतात की ते काम, अगदी नीट.

चिझुए : नीट नाही केलं. त्या झाकणाच्या फळ्या उलट्या करून बघा.

व्हर्ना : त्यात काय बघायचंय? ओल्या... हे काय चिकटलंय? तूस? गव्हाचं तूस आहे हे!

चिझुए : रोज असतं. पाण्यावर तरंगतं.

व्हर्ना : सुगी चालू आहे, गावभर उडतंय. वाऱ्यानं आलं असेल.

चिझुए : बर्फ पडत होतं तेव्हाही यायचं.

व्हर्ना : गप्प बस. असलं काही सांगू नकोस मला.

चिझुए : माझ्या गावचं कुणी असतं, तर आधी बाहेर बसून अंग घासलं असतं, मग पाण्यात उतरलं असतं. या बाबाला जन्मभर सांगितलं. ऐकलं कधी? कामावरून आला की तसाच धबाक्कन टबात! म्हणूनच ओळखलं, हाच तो.

व्हर्ना : लहानपणीही तसाच. आई ओरडून ओरडून दमायची... बघ, मीही काय बोलायला लागले!

चिझुए : सुरुवातीला पाणी पार काळं व्हायचं. आता थोडंच तूस राहिलंय, वन्सं. एवढा उन्हाळा द्या मला. पाणी स्वच्छ राहिलं की मी आपणहून कुलूप लावेन, तुमच्याकडे येईन. पण असं अर्धवट धुतलेल्या अंगानं हाकलू नका त्याला. मला सहन नाही होत.

व्हर्ना : झाला बघ भोंगा.

चिझुए : पातेलं आणा. वाफ आहे, सांभाळून. ओता. आता फळ्या लावायच्या आणि इकडे येऊन बसायचं. कुणी बघितलेलं आवडत नाही त्याला.

व्हर्ना : बसले. पाच मिनिटं. मग मुकाट्यानं बॅग भरायचीस.

चिझुए : बरं.

व्हर्ना : मागचं दार लावलंयस ना?

चिझुए : कडी घातलीय.

व्हर्ना : मग आपटलं काय ते? पायानं लोटल्यासारखं... तो पायानंच लोटायचा.

चिझुए : हळू बोला.

व्हर्ना : चिझुए, फळ्या सरकतायत. आत कुणीतरी फळ्या सरकवतंय. माझा हात धर.

चिझुए : उतरला पाण्यात.

व्हर्ना : देवा रे.

चिझुए : आज पाणी कमी आहे. खांद्यापर्यंत यायचं नाही. गारठेल तो.

व्हर्ना : ...ते पातेलं दे इकडे. अजून एक तापवते मी.