गच्चीवरची मीटिंग आणि माझी तीनचाकी

आमी मूळचे खाडीकडचे. बाप भात लावायचा, भात कापलं की त्याच जमिनीत वाल टाकायचा, आनि मधल्या दिवसांत खाडीत उतरून निवट्या, चिखलातले मासे, धरून आनायचा. मी तीन वर्षांचा असताना तापानं फनफनलो, ताप उतरला तो माझे पाय घेऊनच उतरला, डॉक्टर बोलले पोलिओ. आयेनं मला कडेवर घेतलं ते मी नऊ वर्षांचा होईस्तोवर, मंग तिचीच कंबर गेली. काशिनाथ माझं नाव, पन सगळे काशी वायंडर बोलतात, कारन मी वायंडिंग करतो. पंखा, मिक्सर, पान्याची मोटर, जळली की आतली तार काढायची नि नवी गुंडाळायची. सातवीनंतर वसई गावात एका उस्तादाच्या हाताखाली बसलो, तो बोलायचा, काशी, विजेला कुठं पाय असतात, तरी सगळीकडं जाते ना, तू पन जाशील. हे तुमाला आधीच सांगतो, कारन पुढं मलाच शिकवायला आले, विजेचा धोका काय असतो ते! मला!

बापानं जमीन बिल्डरला दिली नि बदल्यात घर घेतलं, इथंच वसईत, एव्हरशाईन सिटीच्या पुढं. मी बापाला बोललो व्हतो, तळाला घर माग. बिल्डर बोलला, तळाला दुकानं नि पार्किंग, पहिला मजला देतो. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाय. एकवीस पायऱ्या हायेत, मी हातांवर चढतो, बसून, एकेक. आजपन तसाच चढतो. त्याबद्दल मी कधी कोनाकडं रडलो नाय, हे लिवा.

आता बहिनीचं सांगतो, म्हनजे पुढचं कळेल. गुलाब माझी धाकटी, रेल्वेच्या पलीकडं सांडोरला दिली, त्यांची केळीची वाडी हाय. भाऊबीजेला भावानं बहिनीच्या घरी जायचं, ही रीत. आमचं उलटं. माझ्याकडं हातानं पायडल मारायची सायकल व्हती, तिच्यावर घर ते माझी वायंडिंगची टपरी, टपरी ते घर, तेवढं जमायचं, पन रेल्वेच्या वरून जो ब्रिज जातो ना, त्याचा चढ माझ्या खांद्यांना कधी झेपला नाय. रिक्षात बसायचं तर दोघांनी उचलून घालायचं, मला ते नको वाटायचं. म्हनून लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला गुलाबच यायची, ताट झाकून, डब्यात करंज्या घेऊन. तिच्या सासूनं एकदा टोमना मारलेला, तुझ्या भावाला आमच्या घरची वाट माहीत नाय का गं. गुलाबनं मला ते सांगितलं नाय, सुमननं सांगितलं, सुमन म्हनजे माझी बायको.

मंग बॅटरीची तीनचाकी आली. अपंगांसाठी असते ती, सीटखाली बॅटऱ्या, हँडलला मूठ पिळली की चालली. मागच्याच्या मागच्या दिवाळीला मी एकटा निघालो, ब्रिजच्या चढाला लागलो, मनात बोललो आता बंद पडनार, आता पडनार, आनि काय सांगू तुमाला, वर पोचलो! वर थांबून मी रडलो, खोटं कशाला बोलू. सांडोरला गुलाबच्या दारात हॉर्न वाजवला, ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली नि सासूला हाका मारत सुटली, बघा, वाट सापडली माझ्या भावाला.

आता ही गाडी चार्ज कुठं करायची? बॅटऱ्या बोल्ट मारून बसवलेल्या, गोनीएवढं वजन, वर नेता येत नाय. जिन्याखाली झाडूवालीच्या खोलीबाहेर एक साधा सॉकेट हाय, तिथं लावायचो. महिनाभरात सेक्रेटरी खाली आला, बोलला, काका, ही सोसायटीची वीज आहे, ही चोरी होते. चोरी! मी बोललो, तीन पंख्यांएवढी वीज खाते, मला बिल लावा, मी भरतो. तो बोलला, तसा नियम नाही. आता हा मानूस, याच्या घरचा मिक्सर दोनदा मी बांधून दिलाय, याच्या आईची चटनी माझ्या तारेवर वाटली जाते, आनि मी चोर.

बरं, नको तुमची वीज. सुमननं आमच्या गॅलरीतून वायर खाली सोडली. आमचा मीटर, आमचं बिल, वायर मी स्वतः निवडलेली, जाड, अर्थिंगसकट. पंधरा दिवसांत नोटीस. काय तर इमारतीची शोभा जाते नि आगीचा धोका. अहो, गनपतीत चारी मजल्यांवरून लाइटच्या माळा लोंबतात, सुतळीएवढ्या वायरी, जोड मारलेल्या, त्यावर टेप पन नाय, तवा शोभा येते! आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं. मी नोटीस परत पाठवली, खाली लिवलं, येऊन वायर तपासा. तपासायला कोन नाय आलं.

मंग सेक्रेटरीनं स्वतःच इलेक्ट्रिक गाडी घेतली. मोठी, पांढरी. आनि बघा कशी चक्रं फिरली, महिन्याच्या आत मीटिंग लागली, विषय एकच, पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय. मला आनंद झाला, मी म्हटलं चला, त्यांच्या गाडीच्या मागं माझी पन गाडी निघेल. नोटीस पूर्न वाचली तर खाली, स्थळ, गच्ची.

आमच्या सोसायटीची ही रीतच हाय. दर मीटिंग गच्चीवर, वारा असतो, खुर्च्या मांडतात, सामोसे असतात. मी एक मजला हातावर चढतो, गच्ची म्हनजे अजून चार जिने. इतकी वर्षं मी बोललो नाय, कारन विषय काय, तर टाकी साफ करा, रंग कुठला लावा, माझं काय आडत नव्हतं. या वेळी सेक्रेटरीच्या दारात सुमनला पाठवलं, एवढी एक मीटिंग खाली घ्या. तो बोलला, वहिनी, सगळ्यांना सवय आहे, आणि काकांचं म्हणणं आम्हाला माहीत आहे ना. मंग मीच जाऊ का, सुमन बोलली. तर बोलला, घर काकांच्या नावावर, तुम्हाला मत नाही. मी घरात बसून जिन्यातनं वर खुर्च्या नेल्याचा आवाज ऐकत व्हतो. माझ्या गाडीचं ठरत व्हतं आनि मी खाली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर ठराव. चार्जर बसवायचा, खर्च सगळ्या सभासदांनी वाटून द्यायचा, वापरेल त्यानं युनिटप्रमानं भरायचं. यात माझं काय भांडन नाय, मी माझा वाटा दिला. पुढं लिवलेलं, गॅलरीतून वायर सोडण्यास मनाई, सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते! अहो, मी त्या सगळ्यांत नाय का?

दसऱ्याला चार्जर बसला, नारळ फोडला, पेढे वाटले, आमच्याकडं पन पेढा आला. मी खाली जाऊन बघितला तर त्याला साधा सॉकेट नाय. ही एवढी मोठी बंदूक, कारच्या तोंडात घालायची, मोबाइलवर अॅप उघडायचं. माझ्या गाडीला लागतो साधा तीन पिनांचा सॉकेट, शेजारीच बसवला असता तर इलेक्ट्रिशियनचा अर्धा तास गेला असता. म्हनजे वाटा मी द्यायचा नि चार्जर त्यांचा. आनि त्याच आठवड्यात आमची वायर कोनीतरी कापली. कोनी ते विचारलं, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

दिवाळी तोंडावर आली. गाडीचा दिवा लाल व्हायला लागला. जुनी सायकल मी देऊन टाकलेली, सुमन मला गाडीसकट ढकलत टपरीवर न्यायची, तिला धाप लागायची, मला लाज वाटायची, नि लाज वाटली की मला राग येतो. एका रविवारी सकाळी उरलेल्या चार्जिंगवर मी गाडी नेली ती सरळ त्या चार्जरच्या पुढं, आनि बसून ऱ्हायलो. ब्रेक लावला. थोड्या वेळानं सेक्रेटरी आला, काका, गाडी बाजूला घ्या. मी बोललो, चार्जिंग नाय. तो बोलला, मग ढकलू या. मी बोललो, आधी मीटिंग. हळूहळू सगळे जिने उतरून आले, बायका, मानसं, तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर शिक्षिका जोशीबाई. माझ्याभोवती उभे. मी बोललो, ही पयली मीटिंग जिच्यात मी हाय. अन् सगळं बोललो, जे तुमाला सांगितलं ते सगळं. जोशीबाई म्हनाल्या, अहो, आम्हाला वाटलं तुम्हीच येत नाही. मी म्हटलं, बाई, कशावर येऊ?

संध्याकाळी परवानगीचा कागद आला. वाचा, माझ्याकडं झेरॉक्स हाय. माणुसकीच्या नात्याने, गॅलरीतून वायर सोडण्यास तात्पुरती परवानगी देण्यात येत आहे. मी कागद परत केला. सुमन माझ्यावर चिडली, बोलली, परवा भाऊबीज, मिळतंय ते घ्या. मी बोललो, मानुसकी कशाची? वायर माझी, मीटर माझा, बिल माझं, चार्जरला पैसे पन माझे, घर ज्या जमिनीवर उभं ती माझ्या बापाची. त्यांच्या गाडीला ठराव नि माझ्या गाडीला दया? मानुसकी नि तात्पुरती, ते दोन शब्द खोडा, मंग वायर सोडतो. सेक्रेटरी बोलला, पुढच्या मीटिंगला बघू. मी गाडीला कुलूप घातलं, तिथंच ठेवली नि हातांवर चढून घरी गेलो.

भाऊबीजेला गुलाबनं दुपारपर्यंत वाट बघितली नि मंग रिक्षा करून आलीच, ताट झाकून. सुमननं तिला सगळं सांगितलं. गुलाब आयेवर गेलीय, तिला आवाज चढवावा लागत नाय, चढलेलाच असतो. बोलली, दादा, खाली चल. खाली पार्किंगमध्ये मला त्या बंद गाडीत बसवलं, निरांजन लावलं नि तिथंच ओवाळायला लागली. तेवढ्यात सेक्रेटरी जिना उतरला, झब्बा घातलेला, हातात मिठाईचा डबा. त्याची बहीन ठान्याला. चार्जरपुढं माझी गाडी, म्हनून त्याच्या गाडीला पन चार्जिंग नव्हतं, नि बाहेरच्या चार्जिंगला दिवाळीची ही रांग. तो उभा ऱ्हायला. गुलाबनं ओवाळता ओवाळता विचारलं, तुमची बहीन वाट बघत असेल ना? तो बोलला, हो. ती बोलली, मी पन बघत व्हते.

एवढंच. तो वर गेला, कागद घेऊन आला, माझ्याच समोर ते शब्द पेनानं खोडले, सही केली. गाडी त्यानं स्वतः बाजूला ढकलली, मला आत बसवून. सुमननं वरनं वायर सोडली. पाच तास लागतात माझ्या गाडीला. अंधार पडता पडता निघालो नि सांडोरला गेलो, गुलाबनं परत ओवाळलं, सासूबाई बोलल्या, एका भाऊबीजेला दोनदा, ओवाळनी पन दोनदा दे.

आता वायरला मी पाइप घातलाय, भिंतीच्या रंगाचा, बघा, शोभा कुठं गेलीय ती. सेक्रेटरीचा राग नाय उरला, त्याची गाडी भरलेली ऱ्हावो, त्याच्या बहिनीचं घर भरलेलं ऱ्हावो. पन आवंदाच्या मीटिंगची नोटीस बोर्डावर लागली, परत स्थळ, गच्ची. मी गाडीतून हात वर करून ते खोडलं नि पेनानं लिवलं, पार्किंग. चार दिवस झाले, अजून कोनी खोडलेलं नाय. रोज उतरताना बघतो.