लोकेशन पल्याडचं दाखवते

आजच्या समारंभाचे आणि आपल्या जामकाठ रुग्णसेवा मंडळाचेही अध्यक्ष, आदरणीय केशवरावजी कामडी, सौंसरहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. धनश्रीताई, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आज निवृत्त होणारे आणि स्टिअरिंगऐवजी हार सांभाळत बसलेले सत्कारमूर्ती हिरामण भाऊ, चंद्रकला वहिनी, मंडळाचे सारे चालक, आणि जामच्या दोन्ही काठांवरून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी सुचिता गजभिये. मंडळाच्या रुग्णवाहिकेवर परिचारिका आहे. आपल्यापैकी अनेकांना मी दवाखान्यापर्यंत पोहोचवलं आहे, पण त्या वेळी परिचारिकेचं नाव विचारायच्या स्थितीत कोणी नसतं, म्हणून आज सांगितलं. हिरामण भाऊ पुढे आणि मी मागे, अशी आमची इतकी वर्षं गेली. मी त्यांचा चेहरा कमी आणि मान जास्त पाहिली आहे. त्यामुळे आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरच्या तेजाबद्दल जे सांगितलं, त्याला मी दुजोरा देऊ शकत नाही. मान मात्र ताठ आहे, एवढं खात्रीने सांगते.

निरोपाच्या भाषणात गुण सांगायचे असतात, हे मला ठाऊक आहे. मी तयारीही तशीच केली होती. पण काल गाडी धुताना हिरामण भाऊ मला म्हणाले, "मॅडम, उद्या सारे माह्या नियमाची तारीफ करतीन. तुमी बोलान तं पुरी गोष्ट सांगजा. अर्धी नोका सांगू." आता ज्याचा सत्कार, त्याचंच ऐकायला नको का? तेव्हा अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरून मी पुरी गोष्ट सांगते.

हा नियम आपल्या चालकांना तोंडपाठ आहे, पाहुण्यांसाठी सांगते. आपल्याकडे लोकांना फोनवरून लोकेशन पाठवायची सवय लागली, तेव्हाची गोष्ट. नदीचे काठ उंच, वर संत्र्याच्या बागा आणि सगळ्या भागात टॉवर एकच, तो सावरगावच्या बाजूच्या टेकडीवर. फोन आपली जागा काढतो ती उपग्रहांवरून. त्यांच्याकडून येणारा इशारा हजारो किलोमीटरवरून येतो, तो फार क्षीण असतो. काठाखाली किंवा झाडाखाली जुन्या फोनला तो धड मिळायचा नाही. मग फोन टॉवरच्या आधाराने अंदाज बांधायचा. माणूस पांढुर्ण्याच्या काठावर पडलेला आणि ठिपका सावरगावच्या काठावर, असं दर पावसाळ्यात व्हायचं. आपण म्हणाल, नदीची रुंदी ती केवढी? पण पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे त्या ठेंगण्या फरशीपुलावरून पाणी जातं, आणि मग पलीकडे जायचं तर गावात येऊन मोठ्या पुलावरून फिरून जावं लागतं.

भैय्याजी म्हणून एक वृद्ध शेतकरी होते, त्यांना बागेत साप चावला. लोकेशन पलीकडचं आलं. दुसरी गाडी पुलाकडे निघाली, आणि हिरामण भाऊंनी आपली गाडी अलीकडच्या पांदणीत, वावरांमधल्या वाटेत घातली. भैय्याजी अलीकडेच होते. ते वाचले, आणि पुढे बरीच वर्षं जगून प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगत राहिले. तेव्हापासून नियम झाला: "लोकेशन पल्याडचं दाखवते, आपन अल्याड जाचं." मंडळाने त्यासाठी भाऊंना शाल दिली होती. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. नवीन येणारा चालक गियर टाकायच्या आधी हा नियम शिकायचा.

इथपर्यंतची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ही झाली अर्धी.

मधल्या काळात लोकांचे फोन बदलले. आपल्याला वाटतं, नवीन फोन म्हणजे फोटो चांगले. पण आतून आणखीही काही बदललं होतं. विहिरीत तोंड घालून हाक मारली, तर आपली हाक कोणती आणि भिंतीवरून परत आलेली कोणती, ते कळत नाही. जुन्या फोनचं तसं व्हायचं. भिंतीवर, दरडीवर आपटून उशिरा आलेला इशाराही तो खरा धरायचा आणि जागा चुकवायचा. चांगले नवीन फोन एकाच उपग्रहाचा इशारा दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकतात, त्यामुळे आपटून आलेला इशारा त्यांना बराचसा ओळखता येतो. शिवाय ते अनेक देशांचे उपग्रह ऐकतात, त्यांत आपल्या देशाचेही आहेत. उघड्या रानात अशा फोनचा ठिपका माणसापासून मीटर-दोन मीटरवर पडतो. झाडाखाली थोडा सरकतो, पण नदी ओलांडत नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. ही सुधारणा होत असताना कोणी दवंडी पिटली नव्हती. फोन एकेक करून खरं सांगू लागले होते, आणि आम्ही त्यांची चूक दुरुस्त करत बसलो होतो.

मागच्या वर्षी पोळा होऊन आठवडा झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडफेकीचा खेळ होतो, तेव्हा या दोन काठांच्या मध्ये आम्हाला किती काम असतं, ते आपण जाणता. त्यावर मी व्यासपीठावरून बोलणार नाही. तर त्या दुपारी हिरामण भाऊंचा फोन वाजला. फोनवर मनकर्णाबाई होत्या. त्यांचे यजमान गुणवंताजी कपाशीवर फवारणी करायला मजुरीने गेले होते.

"भाऊ, बिगी या. शीतलचे बाबा फवारता फवारता पडले. तोंडाले फेस हाय."

"कोनाच्या वावरात?"

"केशवराव पाटलाच्या."

फोन कट झाला. त्यांच्या मुलीने, शीतलने, लगेच लोकेशन पाठवलं. केशवरावजी, आपलं वावर जामच्या अलीकडे आहे हे लहान पोरालाही माहीत आहे. त्याच हंगामात आपण पलीकडचा एक तुकडा ठेक्याने घेतला होता, हे मजुरांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. यात आपला काहीच दोष नाही. जमीन मिळाली तर माणूस घेतोच.

मी स्क्रीन पाहिली आणि म्हटलं, "भाऊ, हे तं पल्याड दाखवून राहिलं."

ते म्हणाले, "मॅडम, ते कवाचंच पल्याड दाखवून राहिलं." आणि त्यांनी गाडी अलीकडच्या पांदणीत घातली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, माहीतगार माणूस आहे.

आम्ही पोहोचलो. कपाशी होती, माणूस नव्हता. आम्ही हाका मारल्या. उत्तर आलं ते नदीच्या पलीकडून. समोरच्या काठावर मनकर्णाबाई उभ्या होत्या आणि पदर हलवत होत्या. शीतलने फोन डोक्यावर धरला होता, जणू आम्हाला तो तिथून वाचता येणार होता. मध्ये गढूळ पाणी, आणि त्याच्या आवाजात एक शब्द कळत नव्हता. दगड मारला असता तर पोहोचला असता. औषध कसं पोहोचवायचं? त्या दिवशी मी हिरामण भाऊंचा चेहरा पाहिला. त्याचं वर्णन मी करणार नाही.

आम्ही मागे फिरलो, बाजारातून वाट काढत पुलावरून पलीकडे गेलो. गुणवंताजींचा श्वास चालू होता. प्राणवायू लावला, डॉक्टरांना फोनवर विचारत इंजेक्शनं दिली, आणि तिथून थेट नागपूर. ते वाचले. आज त्यांच्या हाताला कंप आहे, पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी धरावा लागतो, पंप पाठीवर घेणं आता होणार नाही. आम्ही वेळेत पोहोचलो असतो तर हे टळलं असतं का? मी नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. प्रामाणिक डॉक्टर होते. थोडं खोटं बोलले असते तरी मला चाललं असतं.

त्यानंतर हिरामण भाऊंनी आपला नियम मोडला. शीतलनेच त्यांना दाखवलं की लोकेशन पाठवताना पाठवणाऱ्याच्या फोनवर बारीक अक्षरात एक आकडा येतो. ठिपका किती मीटर इकडे-तिकडे असू शकतो, ते फोन स्वतःच कबूल करतो. तो आकडा आपल्याकडे येत नाही, तो विचारावा लागतो. आकडा तीन-चार असेल तर ठिपक्यावर विश्वास ठेवायचा. साठ-सत्तर असेल तर तो ठिपका नुसता अंदाज आहे, आणि साठ-सत्तर मीटरमध्ये आपली जाम नदी आरामात बसते. तेव्हापासून भाऊ फोन आला की पहिलं तेच विचारतात. लोक चिडतात. एकजण ओरडला, "अबे, इथं मानूस मरून राहिला अन् तू मीटर इचारून राहिला!" भाऊ म्हणाले, "मीटर सांग, मंग बोंबल." त्यांच्या गोड वाणीचा उल्लेख आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे.

गुणवंताजी घरी आले, तेव्हा हिरामण भाऊ आणि मी त्यांना भेटायला गेलो. भाऊ दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, माह्या हातून उशीर झाला." अशा वेळी समोरचा माणूस म्हणतो, जाऊ द्या. मनकर्णाबाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला, आणि चुलीकडे तोंड करून म्हणाल्या:

"झाला तो झाला, मी पाह्यलं ना डोयानं. मले दुसरंच इचाराचं हाय. नवा फोन शीतलचा हाय. थे लग्न होऊन जाईन, फोन तिच्यासंग जाईन. माह्यापाशी हा जुना डबडा राहीन. मंग मी बोलावलं तं तुमी कोन्या काठानं यान?"

फोन सुधारले, हे खरं आहे आणि आनंदाचं आहे. पण ते ज्याच्या खिशात आहेत त्याच्यासाठी सुधारले. काठावर राबणाऱ्या बऱ्याच बायांकडे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी टाकून दिलेला फोन असतो. त्यांचा ठिपका अजून नदीवर तरंगतो.

चहा पिऊन निघालो, आणि वाटेत भाऊंना उत्तर सुचलं. साधं आहे. पावसाळ्यात आकडा मोठा आला, तर एक गाडी सोडायची नाही. दोन सोडायच्या, एक या काठाने, एक त्या काठाने. एक गाडी रिकामी परत येईल, येऊ द्या. हे त्यांनी मंडळाच्या बैठकीत मांडलं. डिझेलचा प्रश्न निघाला, तो योग्यच होता. विषय पुढच्या बैठकीवर गेला, मग त्याच्या पुढच्या. अजून तो विचाराधीन आहे.

मी माझं बोलणं आवरते. आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, डॉ. धनश्रीताई इतक्या दुरून आल्या, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, सगळ्यांची मी ऋणी आहे. चंद्रकला वहिनी, तुमचे यजमान आम्ही तुम्हाला परत करतो आहोत. फोन वाजला की ते दचकून उठतील, त्यांना सांभाळून घ्या. परिचारिकेला भाषणाची सवय नसते, मर्यादा सोडून काही बोलले असेन तर धाकटी समजून पोटात घाला.

हिरामण भाऊंना आज शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. त्यांनी मंडळाकडे मागितलं होतं ते यातलं काहीच नाही. माझ्यानंतर अध्यक्षीय भाषण आहे, केशवरावजी. त्या तिकडे, शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसल्या आहेत, त्या मनकर्णाबाई. त्या हिरामण भाऊंच्या सत्काराला आलेल्या नाहीत. कोणत्या काठाने याल, हे तुमच्या तोंडून ऐकायला आल्या आहेत.