काहिलीत तलवार

...आणि वर मालक मलाच विचारत्यात, "शशिधर, तुझ्या पुरात मारामारी कुठाय?" पुरात मारामारी! आता तुम्हीच सांगा पावणं, पाण्याला गुद्दा कुठं हाणायचा? गोष्ट कशाची आणि काम कशाचं!

तुम्हाला सांगतो, मी कॉम्प्युटरवरचे गेम लिहितो. हितंच, कोल्हापुरात. खेळणाऱ्यानं गोष्टीतला एक माणूस व्हायचं, हिंडायचं, भेटतील ती लोकं काम सांगणार, ते करायचं... मग ते काम त्या गोष्टीतनंच उगवाय नको व्हय? माझी गोष्ट आमच्या अंबूमावशीची. नृसिंहवाडीच्या पलीकडं तिचं गाव. महापुरात मावशीनं गुऱ्हाळातली काहिल, ती गूळ कढवायची थोरली कढई, पाण्यात सोडली आणि वल्हं मारत माणसं काढली. काहिलीत जागा चौघांची, छपरावर सहाजण! कुणाला घ्यायचं? हा माझा गेम! एक म्हातारा म्हशीला सोडून हलायला तयार न्हाय, त्याची समजूत घालायची, तोवर पाणी चढतंय... हीच लढाई की! दुसरी कशाला पायजे?

पण आमचं मालक, अमरसिंह सर! "नुसतं बोलून काय हुतंय रे? मगरी सोड! हातात तलवार दे!" अहो सर, काहिलीत उभं राहून तलवार फिरवली तर काहिल उलटंल! "गेम हाय, न्हाय उलटत!" बरं, सोडल्या मगरी. तरी भागलं का? "त्या छपरावरच्या म्हातारीला एक काम सांगू दे. वीस नारळ गोळा करून आण म्हणू दे." घर बुडालंय, म्हातारी कौलाला धरून बसलीया, आणि तिला नारळ पायजेत! वाटण वाटणार हुती का काय तिथं? गोष्ट कशाची आणि काम कशाचं!

गेम तयार झाला. जिची गोष्ट तिला दाखवाय नको? मावशीला हापिसात आणलं, खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला. मगरी आल्या, तिनं बघितलं बी न्हाय. काहिल थेट छपराला लावली. "ये आज्जे, बस." पडद्यावर अक्षरं आली, 'आधी नारळ आणा.' मावशीनं काहिल मागं घेतली, परत लावली. 'आधी नारळ आणा.' परत लावली...

सर मागनं वरडले, "मावशी, नारळ गोळा करा की! ती म्हातारी नुसती काम सांगायला हाय!"

"मग तिला न्यायचं कुणी?"

मावशीनं माउस सोडला. "आमच्या हातनं एक म्हातारी ऱ्हायली रं शशी. तवा जागा न्हवती. हितं तर काहिल रिकामी हाय."

उठली, पदर सावरला, गेली.

आणि सरांच्या डोळ्यात पाणी! खरंच! चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता सुधारलं सगळं! माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात कसं, "शशिधर... सुरुवातीला एक पाटी टाक. 'सत्य घटनेवर आधारित.'"

"आणि नारळ, सर?"

"नारळ हायेत तसंच ऱ्हाऊ देत."

तीच पाटी करत बसलोय आता. अक्षर जरा मोठं पायजे म्हणालेत.