रंगाऱ्यांची ‘पडीक’ जागा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सुवर्णमहोत्सव समितीचे सचिव, माझ्यासारखेच निवृत्त झालेले सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीशी उभे असलेले सर्वजण, नमस्कार.

सचिवसाहेबांनी मघाशी मला जिन्यात गाठून सांगितलं, “बाई, चार शब्द बोला, पण आज चांगलंच बोला हं.” साहेब, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे. वाईट बोलायचं तेसुद्धा चांगल्या भाषेत बोलायला मला सिस्टरांनीच शिकवलं. तेव्हा काळजी नसावी.

समितीनं मला दोन कामं दिली आहेत. हा सत्कार निमूटपणे स्वीकारणं, आणि ही दोरी ओढून या दगडी पाटीवरचा पडदा बाजूला करणं. मी मूळची याच जागेवरची, म्हणून हा मान मला. आभारी आहे. पण झाकलेलं पातेलं दिसलं की उघडून बघायची मला जुनी खोड आहे. सकाळी लवकर आले आणि पडदा उचलून पाहिला. पाटीवर लिहिलंय, ‘नदीकाठच्या पडीक जागेवर हे शासकीय संकुल उभारण्यात आले.’

पडीक!

मंडळी, तुम्ही आत्ता जिथे बसला आहात ना, तिथे कापड वाळत असे. इथून खाली नदीपर्यंत रंगाऱ्यांची वस्ती होती. वरच्या अंगाला पिवळ्या रंगाची घरं, मधे लाल, आणि अगदी खाली आम्ही निळीवाले. गडद रंगाचं पाणी फिक्या कापडाला लागू नये, म्हणून ही रचना. माझी आई वरच्या पिवळ्या घरातली. तिचं माहेर रोज पाण्यातून वाहत तिच्या पायाशी यायचं. पिवळं पाणी यायला उशीर झाला की ती नाक मुरडायची, “आज वहिनी उठलेली दिसत नाही.”

ही जागा पडीक कशी झाली, ते सांगते. कोणी मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. आमच्या अंगणात वडीलधारी माणसं जमली. एवढा मोठा माणूस येणार, त्याला रंगलेली नदी दाखवायची? चिखल तुडवायला लावायचा? ठरलं, एक दिवस काम बंद. भट्ट्या विझल्या, हौदांवर फळ्या पडल्या, दोऱ्या उतरल्या, ओलं कापड घराघरांत कोंबलं गेलं.

एकटी माझी आत्या अडून बसली. निळीचा हौद ढवळायचं काम तिचं, आणि ते ती कधी चुकवत नसे.

वडील म्हणाले, “अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“दादा, साहेब येतोय की मुलगी बघायला पाहुणे येतायत? एवढा रंग कशाला लपवायचा?”

“तोंड आवर. दारी आलेल्याचा मान राखायला नको?”

“मग त्याला काम दाखव ना! काम नाही दिसलं, तर आपण इथे आहोत हे त्याला कळायचं कसं?”

आत्याचे हात कोपरापर्यंत निळे. तिला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. बाकीची माणसं ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभी राहिली, आणि सगळ्यांनी हात पाठीमागे धरले. रंग दिसू नये म्हणून.

साहेब आले. त्या दिवशी नदी पहिल्यांदाच पाण्याच्या रंगाची होती. इकडेतिकडे बघून ते म्हणाले, “छान. मोकळी, शांत जागा आहे.” वडिलांनी मान लववली. त्यांना ते कौतुक वाटलं. तेवढ्यात आतून दार बडवल्याचा आवाज आला. “कोण आहे?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही साहेब,” वडील म्हणाले, “घरचंच माणूस आहे.”

पुढे जागा रिकामी करायचा हुकूम निघाला. इथे आमचा धंदा चालतो, हे सांगायला वस्ती कचेरीत गेली. उत्तर मिळालं, साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तिथे काहीही चालत नाही. ट्रकात घालून आम्हाला गावाबाहेर सोडलं, जिथे नळालासुद्धा पाणी नव्हतं. रंगारी, आणि पाणी नाही! वडिलांनी तो ठेवणीतला सदरा पुन्हा अंगाला लावला नाही. आत्या त्यांच्याशी बोलायची, पण ‘दादा’ म्हणून हाक मात्र तिनं परत मारली नाही.

आणि मी? इंग्रजी बरं, म्हणून याच संकुलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. तळघरात बसून “थांबा, जोडून देते” म्हणण्यात जन्म गेला. माझ्या पाठीमागची भिंत दर वर्षी निळी पडायची. बांधकाम खात्याची माणसं यायची, चुना मारून जायची. पुढच्या वर्षी भिंत पुन्हा निळी. अभियंता म्हणाला, “ओल आहे बाई, दुसरं काही नाही.” मी म्हटलं, “ओल नाही हो. माझी आत्या आहे. दार बडवतेय.”

आज सकाळी मी त्या एका शब्दाबद्दल सचिवसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, दगड कोरून झालाय, पाहुणे निघालेत. आजचा एक दिवस सांभाळून घ्या.”

अध्यक्ष महोदय, हे वाक्य आमच्या घरानं पूर्वी एकदा ऐकलंय. तो एक दिवस अजून संपलेला नाही.

म्हणून ही दोरी मी ओढणार नाही. पाहुण्यांनीही तिला हात लावू नये, ही विनंती समजा किंवा दटावणी समजा. ‘येथे रंगाऱ्यांची वस्ती होती’ एवढंच कोरा. मग बोलावणं पाठवू नका, मी आपण होऊन येईन आणि पडदा काढीन. दगड कोरून झालाय म्हणता? अख्खी वस्ती पुसलीत, तुम्हाला एक शब्द खोडता येत नाही?

आणि मागे भिंतीशी उभे आहात ते तुम्ही. मी तुम्हाला ओळखलंय, सगळे आपल्या वस्तीतले. पाठीमागे धरलेले हात पुढे घ्या बघू. आज पाहणीला कोणी आलेलं नाही.

इतका वेळ ऐकून घेतलंत, माईक बंद केला नाहीत, याबद्दल समितीचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर ते पोटात घाला. दगडावर चुकलंय, ते घालू नका.