नानांनी विहिरीत टाकलेल्या सात जणी

हात जोडा मंडळी, डोळे मिटा — झोपायला नाही हो, खांबाला टेकलेले काका! — आणि मनात जो देव येईल त्याला नमस्कार करा. केला? आता मला सांगा, तो आपलाच होता कशावरून? हसू नका! आजचा प्रश्नच तो आहे. आपला देव कुठला आणि परका कुठला, हे माणसानं ओळखायचं कसं?

ऐका तर! निमगावात नाना खासनीस राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, देवळाच्या बालसंस्कार समितीचे अध्यक्ष. आवाज असा की त्यांचे जुने विद्यार्थी, स्वतः आजोबा झालेले, अजून तो ऐकून शर्टाची बटणं लावतात! घरात पत्नी वेणूताई, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात शाल्मली.

तर वेणूताई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं! तालुक्याला दवाखान्यात नेलं, सोमवारी ऑपरेशन ठरलं. मुलगा-सून तिकडेच. घरी उरले नाना आणि शाल्मली. गाडीत चढवताना वेणूताईंनी नातीला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं? नानांनी विचारलं का? छे! चाळीस वर्षांत बायकोला कधी काही विचारलं नव्हतं, आता कुठं सुरुवात करायची!

शनिवारी शाल्मली टीव्हीपुढं बसली. कार्टूनचा सिनेमा लागलेला. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातलं तळं, तळ्यात राहणाऱ्या सात निळ्या बहिणी. एक पोरगी काठावर भाकरी ठेवते, हात जोडते, आणि तिचा आजारी भाऊ टुणकन उठून बसतो! शाल्मली फ्रॉकनं डोळे पुसतेय. आणि मागं नाना उभे!

"काय बघतेस हे? पाण्यात देवी? दगडापुढं जेवण? रानटी लोक कुठले!"

— हे कोण म्हणतंय मंडळी? आत्ताच शाळिग्रामाला दहीसाखर दाखवून, बोटं पुसत बाहेर आलेला माणूस! शाळिग्राम म्हणजे काय हो पेटीवाले? नको, नको, तुम्ही आपला सूर धरा!

रविवारी सकाळी समितीची सभा. नाना चाळीस मिनिटं बोलले. "परक्या देवता पोरांच्या डोक्यात शिरतायत! आज सिनेमा बघतील, उद्या झाडाला फेऱ्या मारतील, नागाला दूध ठेवतील, बैलाच्या पाया पडतील!" समोर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तर पदरच तोंडात कोंबला. पण नानांचं लक्ष कुठं! ठराव झाला, गावातल्या एकाही घरात असले सिनेमे लागणार नाहीत. सह्या झाल्या.

समितीच्या दोघांना चहाला घेऊन नाना घरी आले. शाल्मली दिसेना. म्हणून मागच्या दारी गेले — आणि बघतात तर काय! विहिरीच्या काठाशी सात दगड ओळीनं मांडलेले. सगळे निळे! शाळेच्या रंगपेटीतला निळा, अगदी बुडापर्यंत संपवलेला. पुढं वाटीत दहीभात. आणि हात जोडून शाल्मली!

दोन सदस्य बघतायत हो! अध्यक्षांच्याच घरात परकी देवी!

"आजोबा, ह्या आजीच्या—"

"एक शब्द बोलू नकोस!"

"पण आजीनंच मला—"

"गप्प!" आणि उचलला पहिला दगड. डुब्! दुसरा. डुब्! सातही विहिरीत! सदस्य म्हणाले, "वा नाना! सुरुवात घरापासून!" चहा पिऊन गेले.

शाल्मली ओरडली नाही, आदळआपट केली नाही. नुसतं विचारलं, "आता आजी चालणार कशी?" आणि पायरीवर जाऊन बसली. जेवायला आली नाही. नानांनी ताट वाढलं, दटावलं, शेवटी लाडूसुद्धा दाखवला. पोरगी हलेना.

दुपारी फोन वाजला. वेणूताई! "अहो, उद्या सकाळी नेणार मला आत. घाबरायला झालंय हो. एवढं सांगा, विहिरीवरच्या आसरांना दहीभात गेला ना? शालूला सांगून आलेय मी."

"कोण आसरा?"

"अहो, साती आसरा! पाण्याच्या देवी आपल्या! सात दगड नाहीत का? सासूबाईंनी नेम लावून दिलाय मला. चाळीस वर्षं रोज वाटी घेऊन जातेय, कधी बघितलं नाहीत?"

बघितलं होतं की! पण नानांना वाटायचं, ही मांजराला भात घालते!!

उद्या ऑपरेशन, आणि आज घरच्या देवी विहिरीत — आपल्याच हातानं! तेवढ्यात शाल्मलीनं पायरीवरून उठून त्यांच्या हातातला फोन घेतला. म्हणाली, "आजी, खाल्ला त्यांनी दहीभात. आता पोहायला गेल्यात."

पलीकडून वेणूताई हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा! आणि मंडळी, निमगावच्या त्या मुख्याध्यापकाला तिथल्या तिथं रडू कोसळलं. त्यानं एवढं झिडकारलं, तरी पोरीनं त्याला सांभाळून घेतलं होतं.

नाना अनवाणी धावले ते थेट सोपानच्या दारात. सोपान विहिरींचा गाळ काढतो. उन्हाळ्याचे दिवस, पाणी कमरेएवढंच. तो उतरला, आणि खालून ओरडला, "नाना, हितं दगडच दगड हायेत! तुमचे कंचे?"

आता आली का पंचाईत! निळा रंग केव्हाच धुऊन गेलेला. काठाचे वर्षानुवर्षं पडलेले दगडही तिथंच. "सगळेच दे!" नाना म्हणाले. वर आले एकोणीस. हा? का तो? चाळीस मिनिटं परक्या देवांवर बोललेल्या माणसाला घरचे सात ओळखता येईनात! शेवटी शाल्मलीच म्हणाली, "आजोबा, सगळ्यांनाच घालू या की जेवायला." नानांनी स्वतःच्या हातानं एकोणीस द्रोण भरले, एकोणीस दगडांना शेंदूर लावला. मग पोरीनं पहिला घास खाल्ला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर चांगले होते हो, नसते चमत्कार मी सांगत नाही! दहाव्या दिवशी वेणूताई वॉकर धरून मागच्या दारी आल्या. बघतच राहिल्या. "अहो, सात होत्या ना?"

नानांनी मान खाली घातली. "सात आपल्या. बाकीच्या पाहुण्या आहेत. कोण कुठली ते मला कळत नाही, तूच बघ."

हसताय? हसा! पण त्या ठरावावरची तिसरी सही माझी आहे! होय, ह्या टाळ धरलेल्या हाताची! सही करताना मीसुद्धा "वा नाना" म्हणालो होतो. माझ्याही घरी आई वाटी घेऊन मागच्या दारी जायची. कुठं जायची, मी विचारलं नाही. आता सांगायला ती नाही.

तुमची आहे ना? मग पोराच्या हातातला रिमोट राहू द्या आज. घरी गेल्यावर आधी आईला विचारा, बायकोला विचारा, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. चला, उठा आरतीला. प्रसाद दहीभाताचा आहे.