शोकसभेतली विलायती रेकॉर्ड

हसू नका, पण जुन्या विलायती गाण्यांच्या रेकॉर्डी जमवणारा अख्ख्या टी. टी. नगरात मी एकटाच. त्यामुळे शेजारच्या तिवारीजींचे वडील गेले, तेव्हा ते मलाच म्हणाले, “भाईसाहब, शोकसभा में कुछ गंभीर बजा दीजिए.”

मी माझी सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड लावली. काय तो खर्जातला, दुःखाने जड झालेला पुरुषी आवाज! तिवारीजी तर हुंदके देऊन रडले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “कव्हरवर बाईचा फोटो कसा?”

“अगं, जुन्या बाजारात कव्हरं बदलतात. तुला नाही कळायचं त्यातलं.”

तिने रेकॉर्ड डोळ्यांजवळ नेली. “हिचा वेग पंचेचाळीस लिहिलाय. तुम्ही तेहतीसवर लावता.”

तिने रेकॉर्ड लावून वेगाचा खटका सरकवला, आणि एक पोरगी खिदळत नाचाचं गाणं म्हणायला लागली. इतकी वर्षं मी हिच्या दुःखावर लोकांना व्याख्यानं देत होतो!

“आता तिवारीजींना सांगणार?” बायकोने विचारलं.

“कशाला? वर्षाची बरसी झाली की त्यांच्या मुलीचं लग्न आहे. तेव्हा हीच लावतो, पंचेचाळीसवर.”