डब्याच्या झाकणाएवढा गोल

महाळुंग्यात लसीकरणाच्या रांगेत लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. शेजारी तान्ह्याला घेतलेली साक्षी आणि तिच्याच कंपनीतल्या जयमालाकाकू.

"सोमवारी येतीस ना कामावर?"

"याला कुठं ठेवू, काकू? कंपनीत पाळणाघर नाही."

"पन्नास माणसं झाली की द्यावं लागतं. आपन साठ हाय. म्हणून तर दोन ठेकेदारांत वाटलंय आपल्याला. कुणाकडंच पन्नास भरत न्हाईत."

"मग मागायचं कुणाकडं?"

"कंपनीकडंच. समद्यांनी मिळून अर्ज लिवलाय, सोमवारीच द्यायचाय. ह्यो बघ."

"मागच्या अर्जावर नीलाताईंचं नाव पहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं."

"म्हणून यंदा पहिलं नावच न्हाई. डब्याचं झाकण ठेवून गोल काढला, अन् गोलाभवती सह्या केल्या. साहेबांनी कागद फिरवत बसावं."

"डोकं कुणाचं हे?"

"नीलाचंच. झाकणबी तिचंच."

"आणि ही मोकळी जागा?"

"तुझी ठेवलीय."

"माझं काम गेलं तर?"

"तर साठांचं जाईल. मंगळवारी मशिनी काय साहेब चालवनार?"

साक्षी हसली. मग तिनं कागद मोकळ्या जागेपर्यंत फिरवला.

"पेन आणलंय का, काकू?"

"आणलंय की. अंबाड्यातच खोचलंय."

साक्षी माझ्याकडे वळली.

"ताई, तुमची झोपलीय तोवर याला जरा धरता का? सही करायचीय."